पुलमनचा डबा आणि टिपचा पगार

1927 साली अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगापुढे एक विलक्षण अर्ज आला. रेल्वेच्या स्लीपर डब्यांत काम करणाऱ्या पोर्टरांच्या संघटनेने तो केला होता. कंपनी आम्हाला पुरेसा पगार न देता प्रवाशांच्या टिपवर जगायला लावते, हे बेकायदा ठरवा, अशी तिची मागणी होती. टिप घेणारेच टिपविरुद्ध दाद मागत होते. पुढच्या वर्षी आयोगाने हा विषय आपल्या अधिकारात येत नाही असे सांगून अर्ज निकालात काढला.

अमेरिकेत लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेली मराठी मंडळी हॉटेलच्या बिलाखाली छापलेले 18, 20, 22 टक्क्यांचे पर्याय पाहून आजही चक्रावतात. बिल तर भरले, मग हे वेगळे कशाचे? इथे असेच असते, एवढेच उत्तर मिळते. हे ‘असेच’ कसे झाले, याचा एक मोठा धागा त्या स्लीपर डब्यांतून जातो. गंमत म्हणजे, निसर्ग पाहण्यासाठी म्हणून रेल्वेने हिंडायची अमेरिकेतली हौसही त्याच डब्यांत वाढली.

जॉर्ज पुलमनने 1859 साली साध्या डब्यांत फेरफार करून रात्री झोपता येईल असे डबे रुळांवर आणले आणि 1867 मध्ये शिकागोत स्वतःची कंपनी काढली. कंपनीचे नाव होते पुलमन पॅलेस कार. राजवाडा हा शब्द त्याने उगाच घातला नव्हता. डब्यांत गालिचे, मखमल, अक्रोडाच्या लाकडाची नक्षी, आणि दिवसा बैठक असलेल्या जागी रात्री स्वच्छ चादरींचे बिछाने. रेल्वे कंपन्या इंजिन आणि रूळ पुरवत. झोपायचा डबा आणि त्यातला नोकरवर्ग पुलमनचा असे, त्याचे वेगळे तिकीटही पुलमनच घेई.

10 मे 1869 रोजी यूटामधल्या प्रोमॉन्टरी इथे पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले. वर्षभरातच, मे 1870 मध्ये, बोस्टनच्या व्यापारी मंडळातली माणसे पुलमनच्या खास गाडीतून बोस्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. व्यापाराच्या कामापेक्षा हौसच जास्त होती. गाडीत वाचनालय होते, ऑर्गन होता आणि छापखानासुद्धा होता. धावत्या गाडीतच एक वर्तमानपत्र निघत असे. खिडकीतून प्रेअरीचे गवताळ मैदान, मग रॉकी पर्वत, मग सिएरा नेवाडा. अमेरिकेतल्या पैसेवाल्यांना कळून चुकले की, पोचणे महत्त्वाचे असले तरी जाणेही भोगण्यासारखे असते. पंडिता रमाबाई 1886 ते 1888 या काळात फिलाडेल्फियापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत हा देश हिंडल्या आणि परतल्यावर 1889 साली तिथल्या लोकस्थितीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले. त्यांनी पाहिलेली अमेरिका ही पुलमनच्या ऐन भरभराटीची अमेरिका होती.

राजवाडा म्हटला की सेवक आले. अमेरिकेतली गुलामी 1865 मध्ये कायद्याने संपली होती आणि लाखो कृष्णवर्णीय माणसे काम शोधत होती. पुलमनने पोर्टर म्हणून नेमकी हीच माणसे घेतली. त्याचा हिशेब सरळ होता आणि तितकाच निर्दय होता. मालकाच्या घरात राबण्याची सवय असलेली माणसे कमी पगारात मिळतील आणि गोऱ्या प्रवाशाला आपण हवेलीचे धनी असल्यासारखे वाटेल. आपल्याकडे पोर्टर म्हणताच लाल शर्टातला हमाल डोळ्यांपुढे येतो. पुलमनचा पोर्टर सामान उचले, पण ते त्याच्या कामातले सर्वांत हलके काम. बिछाने घालायचे आणि काढायचे, रात्री प्रवाशांचे बूट पॉलिश करून ठेवायचे, कोट झटकायचे, आजाऱ्याला सांभाळायचे, पहाटे ज्याला त्याला त्याच्या स्टेशनाआधी उठवायचे. महिन्याला सुमारे 400 तास काम. गाडी सुटण्यापूर्वी डबा सजवण्यात गेलेल्या वेळाचे पैसे नाहीत. पॉलिशची डबी स्वतःच्या पैशाने आणायची, गाडीतले जेवणही स्वतःच्याच खर्चाने. टॉवेल हरवला तर त्याची किंमत पगारातून कापली जाई.

आणि पगार किती? 1915 साली औद्योगिक संबंधांविषयीच्या सरकारी आयोगाने याची चौकशी केली, तेव्हा महिना साडेसत्तावीस डॉलर हा आकडा समोर आला. टिप मिळणार हे धरूनच कंपनी पगार ठरवत होती, हेही उघड झाले. त्या वेळी कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपद रॉबर्ट लिंकन यांच्याकडे होते. गुलामी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांचा हा मुलगा साक्षीला बसला होता. इतिहास कधीकधी फार उघडपणे चिमटे काढतो.

आपण दिवाळीला पोस्टमनला, वॉचमनला पोस्त देतो, ती त्याच्या पगाराच्या वर असते. निदान तसे आपण धरून चालतो. पुलमनने टिप पगाराच्या आत नेऊन बसवली. प्रवाशाचा हात सैल असेल तर पोर्टरच्या घरी चूल पेटायची, नसेल तर दोष कंपनीचा नव्हे, प्रवाशाचा. त्यातून सुटायची वाट म्हणजे हसत राहणे. कोणत्याही नावाने हाक मारली तरी हसत राहणे. आणि नाव ठरलेलेच होते, ‘जॉर्ज’. जॉर्ज पुलमनचा माणूस म्हणून जॉर्ज. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायचे, त्याच रिवाजाची ही शेपटी. याविरुद्ध 1914 साली एक संस्थाही निघाली, पण ती पोर्टरांची नव्हती. आपले नाव नोकरांना दिले जाते म्हणून चिडलेल्या गोऱ्या जॉर्जांनी, बरीचशी थट्टेत, ती काढली होती!

टिप ही अमेरिकेची मूळची चाल नाही. इंग्लंडमधल्या बड्या घरांत पाहुण्याने निघताना नोकरांच्या हातावर पैसे ठेवण्याचा रिवाज अठराव्या शतकात चांगलाच बोकाळला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर युरोपची वारी करून आलेल्या श्रीमंत अमेरिकनांनी तो मायदेशी आणला. तेव्हा अनेकांना तो लोकशाहीला न शोभणारा, लाचेसारखा वाटला. 1909 मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपवर कायद्याने बंदी घातली, पाठोपाठ मिसिसिपी, आर्कन्सॉ, आयोवा, टेनेसी, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांनीही. अंमलबजावणी कोणालाच जमली नाही. 1926 पर्यंत हे सगळे कायदे पुसले गेले.

त्याच्या एकच वर्ष आधी, 25 ऑगस्ट 1925 रोजी, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोर्टरांची ‘ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स’ ही संघटना उभी राहिली. नेता म्हणून त्यांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांना बोलावले. ते ‘द मेसेंजर’ मासिकाचे संपादक. पोर्टर ते कधीच नव्हते, त्यामुळे कंपनीला त्यांची नोकरी काढून घेता येत नव्हती. कंपनीने हेर पेरले, संघटनेतल्या माणसांना घरी बसवले, काही डब्यांवर फिलिपिनो नोकर आणून धाक घातला. 1894 च्या गाजलेल्या पुलमन संपाच्या वेळी गोऱ्या कामगारांच्या रेल्वे युनियनने कृष्णवर्णीयांना सभासदच करून घेतले नव्हते, त्यामुळे जुन्या चळवळीचाही आधार नव्हता. बारा वर्षे लढा चालला. अखेर 25 ऑगस्ट 1937 रोजी, संघटनेच्या बाराव्या वाढदिवशी, कंपनीने करारावर सही केली. पगार वाढला आणि महिन्याचे तास 240 वर आले. एका बड्या अमेरिकन कंपनीने कृष्णवर्णीयांच्या संघटनेशी असा करार करण्याची ही पहिलीच वेळ.

या माणसांनी टिपच्या पलीकडेही बरेच काही वाहून नेले. ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचे वर्तमानपत्र दक्षिणेत पोचवण्याचे काम पोर्टर करत. 1955 मध्ये मॉन्टगोमेरीत बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली, तेव्हा त्यांना सोडवायला धावलेले ई. डी. निक्सन पुलमनचे पोर्टरच होते. 1963 च्या नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टन मोर्चाचे नेतृत्व रँडॉल्फ यांच्याकडे होते.

इकडे गाड्यांचे रूप बदलत होते. 1944 साली जनरल मोटर्सचे एक अधिकारी सायरस ऑस्बर्न कोलोरॅडोतल्या ग्लेनवूड कॅन्यनमधून इंजिनाच्या केबिनमध्ये बसून गेले. समोरचे कडे पाहताना त्यांच्या मनात आले की, हे दृश्य फक्त ड्रायव्हरलाच का? त्यातून छतावर काचेचा घुमट असलेला डबा निघाला. मार्च 1949 मध्ये सुरू झालेल्या ‘कॅलिफोर्निया झेफर’ला असे पाच डबे होते. वेगात ती कोणाशी स्पर्धा करत नव्हती. तिचे वेळापत्रक रॉकी पर्वत आणि फेदर नदीची दरी दिवसाउजेडी लागावी अशा बेताने आखले होते. पण तोवर लोक विमानाने जाऊ लागले होते. 1968 अखेर पुलमनने स्लीपर डबे चालवणे थांबवले, 1970 मध्ये ती झेफरही बंद पडली.

1983 पासून अ‍ॅमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीने त्याच नावाची गाडी पुन्हा चालवायला घेतली. शिकागोहून दुपारी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी डेन्व्हरला येते आणि मग दिवसभर रॉकी पर्वत, मॉफट बोगदा, कोलोरॅडो नदी. तिसऱ्या दिवशी सिएरा नेवाडा ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलला पोचते. सुमारे 3,900 किलोमीटर, वेळ पाळली तर दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ. उशीर हा ठरलेलाच, तेव्हा उतरल्यावर लगेचचे विमान काढू नये. हिवाळ्यात बर्फ देखणे असते, पण दिवस आखूड. शक्य तर मे ते सप्टेंबरमध्ये जावे. छतापर्यंत वळलेल्या मोठ्या काचांचा सामाईक डबा सगळ्यांना खुला असतो.

या गाडीतल्या कर्मचाऱ्यांना नियमित पगार आहे, युनियन आहे. तरीही स्लीपरच्या अटेंडंटला आणि जेवणाच्या डब्यातल्या वाढप्याला टिप देण्याचा प्रघात टिकून आहे. स्लीपरच्या तिकिटात जेवण धरलेले असते, टिप नसते. तिकीट तपासणाऱ्या कंडक्टरला मात्र ती देत नाहीत. गाडीबाहेरच्या हॉटेलांत पुलमनचा हिशेब अजून जिवंत आहे. टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचा किमान संघीय पगार 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर अडकला आहे. टिप धरून किमान वेतन भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा, असा नियम आहे. बऱ्याच राज्यांनी स्वतःचे दर वाढवले आहेत, काही राज्यांनी नाहीत. तिथे वाढप्याला टिप न देणे म्हणजे मालकाला धडा शिकवणे नव्हे, त्या वाढप्याचे पोट मारणे आहे. उलट, स्वित्झर्लंडमध्ये ग्लेशियर एक्सप्रेस या निसर्ग पाहायच्या गाडीने जाणाऱ्याला ही चिंता नको. तिथे 1974 पासून सेवेचे पैसे बिलातच धरले जातात आणि वर चिल्लर सोडली तर ती खुशीची.

झेफरचा बेत आखत असाल तर शिकागोत एक दिवस आधी पोचा. मेट्राच्या इलेक्ट्रिक लोकलने शहराच्या दक्षिणेला 111 व्या रस्त्याच्या स्टेशनावर उतरले की समोरच पुलमनने आपल्या कामगारांसाठी वसवलेली वसाहत आहे. ती आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे आणि रँडॉल्फ यांच्या नावाचे पोर्टरांचे संग्रहालय तिथून जवळच आहे. ते पाहून मग गाडीत बसा. आणि एक आणि पाच डॉलरच्या नोटा आधीच सुट्या करून ठेवा, गाडीत सुटे मिळेलच असे नाही.