शिकारी कुणाला म्हणायचं?

गोवंडीत राहतो म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे आधी कचऱ्याचा डोंगर येतो. त्यात त्याची चूक नाही. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं, म्हणजे इथल्या बहुतेक इमारतींपेक्षा आणि आम्हा रहिवाशांपेक्षाही जुनं. पण त्याच सुमाराची दुसरी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. जानेवारी 1929 मध्ये साष्टी बेटावर, विहार तलावाच्या बाजूच्या जंगलात एक वाघ मारला गेला. मुंबईतला शेवटचा वाघ म्हणून त्याचा उल्लेख होतो. विहार इथून सरळ रेषेत दहाएक किलोमीटर. कचरा टाकायला सुरुवात झाली तेव्हा वाघ अजून शेजारी होता म्हणायचा!

हे आठवायला निमित्त झालं भाच्याच्या पत्राचं. तो नोकरीसाठी दक्षिण आफ्रिकेत असतो. त्याच्या ऑफिसातला एक जण सुट्टीत ‘सेल्फ-गायडेड हंटिंग’ला जातो म्हणे. म्हणजे बरोबर पगारी व्यावसायिक शिकारी घ्यायचा नाही. परवाना आपला, बंदूक आपली, तंबू आपला आणि मागही आपणच काढायचा. परदेशी पाहुण्यांना आफ्रिकेतल्या बहुतेक देशांत असं एकटं सोडत नाहीत, त्यामुळे या प्रकाराची मोठी ऐट असते. भाच्याने विचारलं होतं, “मामा, आपल्याकडे होतं का रे असं काही?”

होतं की. चांगलं शंभर वर्षं होतं.

इंग्रजी अमदानीत, विशेषतः मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या विदर्भात आणि मध्य प्रदेशात, सरकारी जंगलांचे शिकारीसाठी ‘ब्लॉक’ पाडलेले असत. अर्ज करायचा, फी भरायची, की ठरावीक दिवसांसाठी एक ब्लॉक तुमच्या नावावर. कुठले प्राणी मारता येतील आणि किती, हे परवान्यावर लिहिलेलं. राहायला जंगलखात्याचा बंगला किंवा स्वतःची राहुटी. कलेक्टर, लष्करी अधिकारी, पुढे पुढे आपले वकील, डॉक्टर, जमीनदार, सगळे असे जात. केनियातही ब्लॉक ठरवून घेण्याची अशीच पद्धत होती. तिथे 1977 साली शिकारच बंद झाली आणि ती संपली.

कागदावर पाहिलं तर हा एकट्या माणसाचा खेळ. शिकारकथाही तशाच लिहिलेल्या असतात. मी, माझी बंदूक आणि समोर वाघ. पण जरा सावकाश वाचलं की कथेच्या कडेला माणसं दिसायला लागतात. कुणीतरी पहाटे येऊन खबर देतो की नाल्यात पाणी प्यायला आला होता. कुणीतरी पंजा बघून सांगतो, मादी आहे, काल रात्रीची आहे. कुणीतरी रेडकू बांधून येतो, कुणी झाडावर मचाण बांधतो. आणि मग हाका. गावातली पन्नास-शंभर माणसं, कधी रोजावर तर कधी वेठीने, हातात काठ्या, डबे आणि ढोल घेऊन रान झोडपत निघतात. वाघ उठला तर आधी त्यांच्याजवळ उठणार. बंदूक त्यांच्याकडे नाही. ती पुढे मचाणावर बसलेली आहे, जमिनीपासून चांगली पंधरा फूट वर.

आफ्रिकेत तरी काय वेगळं होतं? अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1909 साली तिकडे गेले, ते मर्दानी एकांड्या शिकारीचं जणू प्रतीक मानले जातात. त्यांच्या तांड्यात हमालच अडीचशेच्या आसपास होते. शिवाय वाटाड्या शिकारी वेगळा. आफ्रिकेतल्या ‘सफारी’ या शब्दाचा अर्थही मुळात नुसता प्रवास. आपली ‘सफर’ आणि ती ‘सफारी’ एकाच अरबी शब्दाची लेकरं. पण सफारी म्हटलं की आपल्याला टोपीवाला गोरा साहेबच दिसतो, डोक्यावर पेट्या घेऊन त्याच्यामागे चालणारी रांग दिसत नाही.

शब्दांची आणखी एक गंमत आहे. ‘शिकारी’ हा आपला शब्द इंग्रजांनी उचलला. पण त्यांच्या पुस्तकांतला ‘शिकारी’ हा बहुतेक वेळा साहेब नसतो. तो त्याने नोकरीला ठेवलेला गावातला माग काढणारा असतो. साहेब स्वतःला ‘स्पोर्ट्समन’ म्हणवतो. म्हणजे खरा शिकारी कोण हे त्यांना नीट माहीत होतं! त्यांनी ते फक्त हुद्दा म्हणून वापरलं, श्रेय म्हणून नाही. आपण मात्र मराठीत बंदूकवाल्यालाच शिकारी म्हणत राहिलो. 1929 च्या त्या वाघाच्या नोंदीतही मारणाऱ्याचं नाव येतं, जे. जे. सुतारी. वाघ तिथे आहे हे त्यांना कुणी सांगितलं असेल?

स्वातंत्र्यानंतर हा धंदाही झाला. नागपूरला ‘ऑल्विन कूपर’ नावाची कंपनी परदेशी पाहुण्यांसाठी मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीच्या मोहिमा काढायची. विद्याचरण शुक्ल, जे पुढे केंद्रात मंत्री झाले, ते तिचे संस्थापक. मग 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बाकीचंही जवळपास संपलं. त्या वर्षीच्या गणतीत देशभरात 1827 वाघ मोजले गेले होते. बंदी यायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर. आपल्याकडे कुणाच्याही मदतीशिवाय, स्वतःच माग काढून शिकार करणारे लोक होते. त्यांना परवाना नव्हता, बंदूक नव्हती आणि कुणी त्यांना स्पोर्ट्समन म्हणत नव्हतं. ते म्हणजे फासेपारधी. फासे लावून तितर-लावे आणि हरणं धरणारे. शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडोशाने पाखरांच्या अगदी जवळ जाणारे. त्यांच्यातल्याच काही चित्तापारध्यांची ख्याती तर रानातला चित्ता जिवंत पकडून त्याला माणसाळवण्याची. जंगल वाचता येणं हेच त्यांचं भांडवल होतं.

आणि त्यांचं काय झालं? इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. पारध्यांच्या कपाळी ‘जन्मजात गुन्हेगार’ हा शिक्का बसला. हजेरी, पहारा, सोलापूरच्या सेटलमेंटसारखी तारेच्या कुंपणातली वस्ती. ज्या रानात साहेब परवाना घेऊन पंधरा दिवस ‘एकटा’ हिंडायचा, त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या एकटा हिंडणारा माणूस तिथे दिसला तरी संशयित ठरायचा.

याला एक ठळक अपवाद कोल्हापूरचा. राजर्षी शाहू महाराज स्वतः पट्टीचे शिकारी. त्यांनी फासेपारध्यांना हाकललं नाही, जवळ केलं. पहाऱ्यावर नेमलं, कामं दिली. 1918 मध्ये संस्थानात अशा जमातींवरची हजेरी त्यांनी बंद केली. कोल्हापूरला चित्त्यांकडून काळविटाची शिकार करण्याची परंपरा होती आणि चित्ते सांभाळणारे तरबेज चित्तेवान होते. पुढे हिंदुस्थानातले चित्तेच मिळेनासे झाले, तेव्हा संस्थानाने ते आफ्रिकेतून मागवले! 2022 च्या सप्टेंबरात नामिबियातून कुनोला आठ चित्ते आले, तेव्हा टीव्हीवर जो तो “पहिल्यांदाच” म्हणत होता. जंगलात सोडायला पहिल्यांदा, हे खरं. पण आफ्रिकेचा चित्ता कोल्हापूरने त्याच्या कितीतरी आधी पाहिला होता. महाराजांच्या राखीव शिकारीच्या रानाचं 1958 मध्ये दाजीपूर अभयारण्य झालं.

मला जे बोचतं ते इथेच. बंदुकवाल्या शिकाऱ्याला बदलण्याची संधी मिळाली. राजाचं शिकारीचं रान अभयारण्य झालं. जिम कॉर्बेटच्या नावाने राष्ट्रीय उद्यान झालं. सलीम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचे. तशीच एक पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढे देशाचे पक्षीतज्ज्ञ झाले. ती सोसायटी 1883 मध्ये ज्या आठ जणांनी काढली त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले मराठी डॉक्टर होते. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण हातातलं शस्त्र ठेवून जंगलाचा रखवालदार होण्याची वाट त्यांच्यासाठी उघडी होती. पारध्याला ती फार क्वचित दाखवली गेली. 1952 मध्ये तो कागदोपत्री ‘विमुक्त’ झाला आणि वीस वर्षांत 1972 च्या कायद्याने त्याचा धंदाच गुन्हा ठरला. मधल्या काळात दुसरा धंदा कुणी दिला नाही. पुढे वाघांच्या चोरट्या शिकारीत पारध्यांचीही नावं आली, हे लपवण्यात अर्थ नाही. वाघ तस्करांना हवा होता आणि माग काढणारा उपाशी होता.

मुंबईच्या सिग्नलवर, पुलांखाली राहणाऱ्या कुटुंबांमध्ये बरीच पारध्यांची आहेत. भीक मागण्याविरुद्धचा 1959 चा कायदा आहे आणि त्याखाली धरलेल्यांना ठेवायचं भिक्षेकरी गृह आमच्या शेजारीच, चेंबूरला. गोवंडीपलीकडच्या खारफुटीत अजून सोनेरी कोल्हे आहेत, ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरतात. ते बघायला आम्ही दुर्बिणी घेऊन जातो आणि चिखलातलं पाऊल कुत्र्याचं की कोल्ह्याचं यावर अर्धा तास वाद घालतो. सिग्नलवर गजरे विकणाऱ्या बाईच्या आजोबांना ते चालता चालता कळलं असतं.

काही ठिकाणी उशिरा का होईना, शहाणपण आलं आहे. मध्य प्रदेशात पन्नाला पारधी तरुण पर्यटकांना जंगल दाखवतात. आपल्याकडे वाशिम-अकोल्याच्या माळरानांवर तणमोर वाचवण्याच्या कामात फासेपारधी सामील झाले आहेत. तणमोर कुठे लपतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

भाच्याला मी एवढंच कळवलं आहे की तुझ्या त्या सहकाऱ्याला विचार, माग काढायला त्याला शिकवलं कुणी? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर ते लिहून ठेव.