हयातीचा दाखला

निवृत्ती ही गोष्ट आम्हां बँकवाल्यांना जितकी कळते तितकी ती जगात दुसऱ्या कुणाला कळत नसेल. नोकरीला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमचा माणूस निवृत्तीची तारीख काढून ठेवतो आणि पुढची पस्तीस वर्षं त्या तारखेच्या आधारावर काढतो. मग साठाव्या वर्षी शाल, श्रीफळ, मॅनेजरसाहेबांचं भाषण आणि भिंतीवरचं घड्याळ. सतत घड्याळाकडे बघतो म्हणून ज्याने आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्यालाच शेवटी ते भेट द्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

टेनिसवाल्यांचं असं नाही. ब्योर्न बोर्ग या स्वीडिश गृहस्थांनी जानेवारी १९८३ मध्ये निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्यांचं वय होतं २६. तोवर १९७६ ते १९८० अशी लागोपाठ पाच वर्षं विम्बल्डन आणि एकूण सहा वेळा फ्रेंच स्पर्धा जिंकून झाली होती. सव्विसाव्या वर्षी आमच्याकडे माणूस प्रोबेशनवर असतो आणि साहेबांच्या केबिनचं दार ढकलायचं की ओढायचं एवढंच शिकलेला असतो.

आता प्रश्न असा, की सव्विसाव्या नाहीतर तिशी-पस्तिशीच्या वर्षी ज्याचं सगळं करून झालं, त्याने उरलेल्या चाळीस-पन्नास वर्षांचं करायचं काय? या प्रश्नाला चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे. मी बी.कॉम. माणूस. इतिहासाशी माझा संबंध जुन्या थकबाकीपुरता. पण हीही एक प्रकारची थकबाकीच आहे, म्हणून उघडून बसलो.

पहिली नोंद अशी, की १९६८ पर्यंत मोठ्या टेनिसमध्ये बक्षिसाचा पैसाच नव्हता. विम्बल्डनसारख्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी. जिंकलात तर करंडक घ्या, टाळ्या घ्या. पण खेळण्याचे उघड पैसे घेतलेत की तुम्ही व्यावसायिक, आणि व्यावसायिक म्हणजे वाळीत. मग या वाळीत पडलेल्या मंडळींनी तमाशाच्या फडासारखं गावोगाव हिंडायचं. कॅनव्हासचं कोर्ट गुंडाळून गाडीत टाकायचं, बर्फावर घसरण्याच्या हॉलमध्ये नाहीतर जिथे जागा मिळेल तिथे अंथरायचं, रात्री खेळ लावायचा आणि सकाळी पुढचं गाव गाठायचं.

या फडाचे एक थोर नायक म्हणजे अमेरिकेचे बिल टिल्डन. तीन विम्बल्डन, सात अमेरिकन विजेतेपदं. १९३० च्या वर्षअखेरीस, म्हणजे सदतिसाव्या वर्षी ते व्यावसायिक झाले आणि मग थांबलेच नाहीत. १९१८ साली त्यांनी विन्सेंट रिचर्ड्स या जोडीदाराबरोबर अमेरिकेची हौशी दुहेरी स्पर्धा जिंकली होती. त्याच जोडीने १९४५ मध्ये व्यावसायिकांची दुहेरी जिंकली. मध्ये २७ वर्षं गेली. टिल्डन ५२ वर्षांचे होते. उतारवयात त्यांनी पुष्कळ काही गमावलं. पैसा गेला, स्वतःच्या वर्तनापायी दोनदा तुरुंगवास झाला. जून १९५३ मध्ये लॉस एंजेलिसला ते गेले, तेव्हा क्लीव्हलंडच्या व्यावसायिक स्पर्धेला जाण्याची त्यांची तयारी चालली होती. वय ६०. आमच्याकडे ज्या वयात नारळ मिळतो, त्या वयात हा माणूस सामान भरत होता.

दुसरे पांचो गोन्झालेस. एकविसाव्या वर्षी व्यावसायिक झाले, म्हणून विम्बल्डनचं दार जे बंद झालं ते चाळिशी गाठल्यावर, १९६८ साली उघडलं. त्याच्या पुढच्याच वर्षी पहिल्या फेरीत गाठ पडली चार्ली पासारेल या पंचविशीतल्या तरुणाशी. पहिला सेट गोन्झालेस २२-२४ हरले. अंधार पडत चालला होता. ते कुरकुरले, चिडले, दुसरा सेट १-६ असा टाकून दिल्यासारखा हरले आणि लोकांनी हुर्यो केली म्हणतात. दुसऱ्या दिवशी परत येऊन १६-१४, ६-३, ११-९. एकूण ११२ गेम आणि पाच तास बारा मिनिटं. शेवटच्या सेटमध्ये हरण्यापासून एका गुणावर असे ते सात वेळा आले आणि सातही वेळा परतले. वय वर्षं ४१! मी एक्केचाळिसाव्या वर्षी लिफ्ट बंद होती म्हणून तिसऱ्या मजल्यावर चढून गेलो होतो, तर हिने शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं होतं.

पुढे आलं १९७३. त्या वर्षी म्हाताऱ्या टेनिसपटूंपुढे दोन रस्ते एकदम उघडले. एक बॉबी रिग्ज यांचा. हे १९३९ चे विम्बल्डन विजेते; आता वय ५५. बायकांचं टेनिस ते काय, अशी दवंडी पिटत त्यांनी मे महिन्यात मार्गारेट कोर्ट यांना हरवलं. सप्टेंबरात ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये ३०,४७२ प्रेक्षकांसमोर बिली जीन किंग यांनी त्यांना ६-४, ६-३, ६-३ असं सरळ केलं. हा रस्ता सर्कशीचा.

दुसरा रस्ता काढला सिनसिनाटीच्या अल बुनिस या व्यापाऱ्याने. त्याने ‘ग्रँड मास्टर्स’ नावाची फिरती स्पर्धा सुरू केली. अट एकच : वय ४५ पूर्ण. जगात बहुतेक ठिकाणी ज्या वयाला अर्ज फेटाळला जातो, तिथे तेच वय प्रवेशपत्र! फ्रँक सेजमन, व्हिक सेशस अशी पन्नाशीच्या दशकातली विम्बल्डन विजेती मंडळी त्यात आली. डेन्मार्कचे टॉर्बेन उल्रिक आले. लांब केस, छातीवर रुळणारी दाढी, टेनिसपटूपेक्षा हिमालयातून उतरलेले बाबाच जास्त. (मेटॅलिका या कानठळी संगीतमंडळातला ढोलवाला लार्स तो यांचाच मुलगा.) सेशस २०२४ मध्ये गेले, शंभरी पूर्ण करून. उल्रिक २०२३ मध्ये गेले ते पंच्याण्णवाव्या वर्षी. आमच्या पेन्शन विभागाला असे ग्राहक परवडत नाहीत. पण मनातून आवडतात.

त्यानंतर १९९३ मध्ये जिमी कॉनर्स यांनी पस्तिशीपुढच्यांची फिरती स्पर्धा काढली. १९९७ पासून लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वर्षअखेरीस अशी जत्रा भरू लागली. बोर्ग परतले, मॅकेन्रो आले. नियम वयाला साजेसे : दोन सेटमध्ये निकाल लागला नाही तर तिसरा सेट पुरा खेळायचा नाही, दहा गुणांचा टायब्रेक घ्यायचा. डॉक्टरच्या भाषेत, जेवण थोडं कमी.

आता तुम्ही विचाराल, की या सामन्यांना लोक तिकीट काढून का जातात? चांगलं टेनिसच बघायचं तर तरुणांचं बघावं. याचं उत्तर मला टेनिसच्या कोर्टावर नव्हे, पेन्शनच्या काउंटरवर मिळालं.

दर नोव्हेंबरात आमच्या शाखेत पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. म्हणजे आपण जिवंत आहोत हे लेखी कळवायचं. हल्ली हे काम घरबसल्या मोबाइलवरही होतं. पण जुनी माणसं इस्त्रीचे कपडे घालून, छत्री घेऊन, जातीने येतातच. सही करताना हात थरथरतो. आमच्यासमोर पडद्यावर त्यांची तीस वर्षांपूर्वीची नमुना सही असते. अक्षरं हललेली असतात, रेघ तिरकी गेलेली असते. पण शेवटच्या अक्षराला दिलेला तो एक झोकदार फराटा अगदी तसाच असतो. तेवढ्यावर आम्ही माणूस ओळखतो. नियमात हे बसतं की नाही ते आमचे हेडकॅशिअर जाणोत. पण त्यांचंही मत असं, की बाकी सगळं म्हातारं होतं, फराटा होत नाही.

माजी विजेत्यांचे सामने म्हणजे हेच हो! मॅकेन्रोची नमुना सही लोकांनी मनात जपलेली आहे. नेटकडे जवळजवळ पाठ करून उभं राहायचं, कमरेत वाकून जरासं झुलायचं आणि मग स्प्रिंग सुटावी तशी डावखुरी सर्व्हिस. चेंडूचा वेग उतरला; झुलणं तसंच. पंचांवर ओरडणंही त्या सहीचाच भाग. तरुणपणी ओरडले की दंड व्हायचा. पुढे नाही ओरडले तर लोकांना पैसे फुकट गेल्यासारखं वाटायचं. माणसाचे दुर्गुण पेन्शनीत जमा होतात ते असे.

पण हे सगळं नाटकच म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये सॅन होजेला मॅकेन्रो जोनास ब्योर्कमनबरोबर दुहेरीत उतरले, तेही तरुणांच्या खऱ्या स्पर्धेत, आणि जिंकले. वय ४७. पुढच्याच महिन्यात बातमी आली, की बोर्ग आपले पाचही विम्बल्डन करंडक लंडनला लिलावात काढताहेत. आमच्याकडे सोनं तारण ठेवायला येणारा माणूस खिडकीशी येऊन कसा इकडेतिकडे बघतो ते मी रोज पाहतो. त्यामुळे ही बातमी मला टेनिसची वाटलीच नाही. त्या वेळी बोर्गना फोन कुणी करावा? मॅकेन्रोंनी. १९८० च्या अंतिम सामन्यात पाच सेट झुंजून ज्यातला एक करंडक त्यांच्या हातून निसटला होता, त्यांनीच विचारलं, की बाबा, तुला वेड लागलंय का? लिलाव रद्द झाला. प्रतिस्पर्धी चांगला मिळायला नशीब लागतं.

आणि या जत्रेतला माझा सर्वांत लाडका माणूस तर एकेरीचा विजेता कधी नव्हताच. मन्सूर बहरामी. तेहरानमधल्या क्रीडासंकुलातल्या माळ्याचा मुलगा. लहानपणी चेंडू उचलून द्यायचा, पण रॅकेट घेऊन कोर्टावर पाऊल टाकायची परवानगी नाही. म्हणून हाताचा तळवा, झाडूचा दांडा, तवा, जे मिळेल त्याने भिंतीवर खेळायचा. पुढे खेळाडू झाला, तोच १९७९ ची क्रांती आली आणि इराणात टेनिस बंद पडलं. ऐन पंचविशीच्या आसपास हा फ्रान्सला पोचला. जवळची पुंजी वाढवावी म्हणून नीसच्या जुगारघरात लावली आणि सगळी घालवली. (मुदत ठेव का करावी याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.) १९८९ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, एरिक विनोग्राड्स्कीबरोबर तो फ्रेंच दुहेरीच्या अंतिम फेरीत पोचला आणि हरला. हरवणाऱ्या जोडीत एक पॅट्रिक मॅकेन्रो, म्हणजे आपल्या ओरडणाऱ्या जॉनचा धाकटा भाऊ.

इतरांची गोष्ट संपते तिथे याची सुरू झाली. माजी विजेत्यांच्या सामन्यांत बहरामी म्हणजे राजा. एका हातात सहा चेंडू धरून सर्व्हिस करतो. चेंडू पँटच्या खिशात झेलतो. असा अलगद टोला मारतो की चेंडू पलीकडे एक टप्पा घेऊन नेटवरून घरी परत येतो. लोक पोट धरून हसतात. त्याच्या आत्मचरित्राचं नाव ‘द कोर्ट जेस्टर’. विदूषकच, पण ज्याची उमेदीची वर्षं कुणीतरी परस्पर खात्यातून काढून घेतली, त्याने निवृत्तांच्या खिडकीशी येऊन नवं खातं उघडलं आणि दाम दुपटीने भरलं. बाकीचे लोक हयातीचा दाखला द्यायला येतात. हा जन्माचा दाखला घेऊन आला.

आपल्याकडेही विजय अमृतराज यांनी २०१४ मध्ये शहरांच्या संघांची चॅम्पियन्स टेनिस लीग काढली, तेव्हा प्रत्येक संघात एक माजी विजेता ठेवला होता. पुण्याच्या संघाचं नाव अर्थातच ‘पुणे मराठाज’. मी म्हटलं, वा! प्रत्येक शाखेत एक निवृत्त माणूस सल्ल्याला ठेवावा तशी ही योजना आहे. त्यावर ही म्हणाली, “तुमच्या शाखेत आहेत तेच काय कमी निवृत्त आहेत?”

ते असो. दाखल्याच्या कागदावर एक गंमत असते. त्यावर पेन्शनराची सही तर लागतेच, पण ‘हे गृहस्थ माझ्यासमोर हजर होते’ अशी दुसऱ्या कुणाची तरी सही लागते. टेनिसच्या दाखल्यावर ही दुसरी सही प्रेक्षकांची. समोरचा पन्नाशीतला बॅकहँड पाहून गॅलरीतले टकलू गृहस्थ टाळ्या वाजवतात तेव्हा ते त्या खेळाडूचं जिवंतपण तर साक्षांकित करतातच. पण साक्षीदारही हयात असावा लागतो, हे काही फॉर्मवर छापलेलं नसतं. ते सही करताना आपल्याआपणच सिद्ध होतं.