जीएसक्यूआर 326

अर्जुन रणगाड्याची कुळकथा ऑगस्ट 1972 च्या एका सरकारी कागदापासून सुरू होते. बांगलादेश युद्ध संपून आठ महिने झाले होते. तेव्हाच्या विजयंता रणगाड्याच्या जागी पुढे काय आणायचे, हे लष्कराने ‘जीएसक्यूआर 326’ या मसुद्यात लिहून काढले. ‘गुणात्मक गरजा’ असे त्याचे सरकारी नाव. कसा रणगाडा हवा, याची ही मागणीपत्रिकाच.

मे 1974 मध्ये प्रकल्पाला 15.50 कोटी रुपये मंजूर झाले आणि चेन्नईजवळच्या आवडी येथील सीव्हीआरडीई या प्रयोगशाळेकडे काम आले. यानंतरचा माग काढायला पैशांचा रकाना सगळ्यांत उपयोगी पडतो. 1980 मध्ये आकडा 56.55 कोटींवर गेला आणि 1987 मध्ये 280.80 कोटींवर. मार्च 1995 मध्ये विकासकाम अधिकृतपणे संपले तेव्हा खर्च 305.60 कोटी झाला होता. म्हणजे जवळजवळ वीसपट. पण 1974 चा रुपया आणि 1995 चा रुपया एकाच तराजूत घालणे बरोबर नाही. वीसपटीचा गवगवा करणारे हे सहसा सांगत नाहीत.

तरी महागाईने सगळा हिशेब लागत नाही. 1980 ते 1985 च्या दरम्यान मागणीपत्रिकाच बदलत गेली. सुरुवातीला डोळ्यांसमोर होता तो चाळीसएक टनांचा रणगाडा. पुढे चिलखत जाड झाले, तोफ 120 मिलिमीटरची ठरली आणि वजन 58.5 टनांवर पोचले. शेजारी काय घेतो आहे, यावरही नजर होतीच. पाकिस्तान अमेरिकी एम-1 अब्राम्स घेण्याच्या विचारात होता. पाकिस्तानचे अध्यक्ष झिया उल हक ऑगस्ट 1988 मध्ये विमान अपघातात गेले, ते बहावलपूरजवळ याच रणगाड्याचे प्रात्यक्षिक पाहून परतताना.

संशोधकांची तक्रार होती की लष्कर गोलपोस्ट हलवते. लष्कराचे म्हणणे असे की रणगाडा वेळेत आला असता तर मागणी जुनी झालीच नसती. 1998 चा कॅगचा (महालेखापरीक्षकांचा) अहवाल आणि त्यानंतर लोकलेखा समितीने केलेली तपासणी वाचताना गंमत वाटते, कारण दोन्ही बाजू त्याच तारखांवर बोट ठेवतात. माझे मत विचाराल तर इंजिनाच्या बाबतीत लष्कराला दोष देता येत नाही. 1500 अश्वशक्तीचे देशी डिझेल इंजिन काही जमले नाही आणि शेवटी एमटीयूचे 1400 अश्वशक्तीचे जर्मन इंजिन बसवावे लागले. मागणीपत्रिका कितीही स्थिर ठेवली असती, तरी ते देशी इंजिन चालले नसते. रुंदीचे मात्र वेगळे. लष्कराच्या नेहमीच्या रेल्वे वाघिणींवर अर्जुन मावेना आणि त्याच्यासाठी खास वाघिणी कराव्या लागल्या. हा प्रश्न पहिल्याच बैठकीत कुणी तरी विचारायला हवा होता.

मार्च 2000 मध्ये 124 अर्जुनांची मागणी नोंदवली गेली. त्यानंतर वर्षही उलटले नाही, तोच फेब्रुवारी 2001 मध्ये रशियाशी 310 टी-90 रणगाड्यांचा करार झाला. टी-90 साधारण 46 टनांचा. त्यात माणसे तीनच, कारण गोळा भरायला यंत्र असते. अर्जुनात चौघे, आणि गोळा भरायचा हाताने. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) चिलखती दल केंद्रात घडलेल्या जवानांच्या हाती यापुढे दोन निराळ्या घराण्यांचे रणगाडे येणार होते.

मार्च 2010 मध्ये राजस्थानच्या वाळवंटात अर्जुन आणि टी-90 यांची तुलनात्मक चाचणी झाली आणि मे महिन्यात आणखी 124 अर्जुनांना मंजुरी मिळाली. त्यांच्यासाठी सुधारणांची यादी 72 कलमांची झाली. त्यात तोफेच्या नळीतून क्षेपणास्त्र डागण्याची अटही होती. ती पुरी होण्यात वर्षे गेली. सप्टेंबर 2021 मध्ये 118 सुधारित अर्जुनांची, म्हणजे मार्क-1ए रणगाड्यांची, मागणी नोंदवली गेली तेव्हा वजन 68 टनांवर गेले होते.

त्याच सुमारास लडाखमध्ये चिनी सैन्य समोर उभे होते आणि तिथल्या डोंगरांसाठी लष्कराला नवा हलका रणगाडा हवा होता, 25 टनांचा. ‘जोरावर’ नावाच्या त्या रणगाड्याचा पहिला नमुना जुलै 2024 मध्ये हजीरा येथे दाखवण्यात आला.