टॅबवरील बॅज आणि देवनागरी अंक : नागपूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना

मोबाईल ॲपच्या तळाशी असलेल्या एखाद्या टॅबवर लाल वर्तुळात जो लहानसा आकडा उमटतो, त्यास बॅज असे म्हणतात. न वाचलेले संदेश किंवा न पाहिलेल्या सूचना किती, एवढेच तो सांगतो. मराठी ॲपमध्ये हा आकडा कोणत्या अंकांत लिहिला जावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. नागपूरच्या अभ्यासकाला मात्र तो क्षुल्लक वाटण्याचे कारण नाही.

अंकांचा जुना वाद

नागपूर ही १९५६ पर्यंत द्विभाषिक प्रांताची राजधानी होती. प्रांताचे मुख्यमंत्री पं. रविशंकर शुक्ल आणि नागपुरात पारिभाषिक शब्दावलीचे प्रचंड काम उभारणारे डॉ. रघुवीर हे दोघेही संविधानसभेचे सदस्य होते. १२ ते १४ सप्टेंबर १९४९ या तीन दिवसांत सभेत राजभाषेवर चर्चा झाली आणि तिचा बराच भाग अंकांनी व्यापला. नागरी अंकांची बाजू मांडणाऱ्यांत पं. शुक्ल होते. अखेर तडजोड झाली. अनुच्छेद ३४३ अन्वये संघाची भाषा देवनागरी लिपीतील हिंदी ठरली. शासकीय प्रयोजनांसाठी अंक मात्र ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असलेले स्वीकारले गेले. देवनागरी अंकांचाही जोडीने वापर करण्यास परवानगी देण्याचा अधिकार राष्ट्रपतींकडे ठेवण्यात आला. पुढे १९५० च्या प्रांतिक कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना नागपूरच्या कारभारात राजभाषेचे स्थान मिळाले.

बॅजची वाटचाल

लाल वर्तुळातील आकडा २००१ साली मॅक ओएस टेनच्या मेल या ॲपच्या चिन्हावर दिसत होता. २००७ च्या आयफोनने तो हातात आणून दिला आणि २००८ मध्ये बाहेरच्या विकसकांनाही ॲप तयार करण्याची मुभा मिळाली. येथे एक बारकावा नोंदविण्याजोगा आहे. आयफोनवर ॲपच्या चिन्हावरील बॅज ही निव्वळ पूर्णांक संख्या असते आणि तिचे चित्रण यंत्रणा करते. टॅबवरील बॅज मात्र मजकूर म्हणून स्वीकारला जातो. अर्थात तेथे ‘१२’ लिहिण्यास तांत्रिक आडकाठी कधीच नव्हती. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान १९९१ पासूनच आहे. अँड्रॉइडने २०१७ च्या आठव्या आवृत्तीत ॲपच्या चिन्हावर आकड्याऐवजी नुसता ठिपका पसंत केला आणि तेवढ्यापुरता हा प्रश्न टाळला.

अडचण वाढली ती एकच आज्ञावली दोन्ही यंत्रणांवर चालविण्याची सोय आल्यावर. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (२०१५) मध्ये रूढ असलेल्या टॅबरचनेत बॅज म्हणून संख्या किंवा मजकूर यांपैकी काहीही देता येते. परंतु संख्या जशीच्या तशी दिली तर पडद्यावर आंतरराष्ट्रीय अंकच उमटतात. फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ ची. तीत बॅजसाठी तयार घटक नव्हता. टॅबच्या चिन्हावर वर्तुळ रचून विकसक वेळ मारून नेत असत. २०२३ मध्ये तयार घटक आला, पण त्याची केवळ संख्या स्वीकारणारी सोपी पद्धत भाषेचा विचार करीत नाही. परिणामी ॲपचा सारा मजकूर मराठीत आणि बॅज तेवढा परक्या वळणाचा, असे दृश्य दिसते. त्याच पडद्यावर दिनांक देवनागरीत असला तर विसंगती अधिकच जाणवते.

भाषानिहाय संकेतांच्या ज्या जागतिक माहितीसंचावर आजच्या बहुतेक यंत्रणा विसंबतात, त्या सीएलडीआरमध्ये मराठीसाठी मूलनिवड देवनागरी अंकांची आहे. हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय अंकांची. म्हणजे ज्या हिंदीसाठी पं. शुक्ल नागरी अंक मागत होते, तिच्या वाट्याला ते आले नाहीत. त्यांच्याच प्रांतातल्या दुसऱ्या राजभाषेकडे मात्र ते टिकून आहेत. हा १९४९ च्या निर्णयाचा थेट परिणाम आहे असे म्हणण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा. हिंदी मुद्रणव्यवहाराने पुढे स्वतःहूनही बरेच वळण बदलले आणि मराठी छापखान्यांनी ते तितके बदलले नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते दोष तंत्राचा नाही. बॅजला संख्या देण्यापूर्वी ती मराठीच्या संकेतानुसार मजकुरात रूपांतरित करणे, एवढेच काम असते आणि त्याची साधने जावास्क्रिप्ट व डार्ट या दोन्ही भाषांत उपलब्ध आहेत. कमाल मर्यादेचे चिन्हही मग ‘९९+’ असे स्वतः लिहावे लागते, हा विकसकाला थोडा जाच खरा. परंतु संविधानसभेने तीन दिवस ज्यावर खल केला, तो निर्णय आता बहुधा कोणी घेतच नाही. साधनाची मूलनिवड तो घेऊन टाकते. आमच्या महाविद्यालयांतील संगणकशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून अशी ॲप्स दरवर्षी तयार करतात. त्यांच्या मूल्यमापनात मजकुराची भाषा पाहिली जाते, अंकांची क्वचितच.