काचेच्या तंतूवरची पाळी

बिदरच्या जांभ्याच्या पठाराखाली बहामनी अमलात इराणी धर्तीवर खोदलेली नौबादची कारेझ, म्हणजे पाण्याचे भुयार, ज्याने पाहिली आहे, त्याला भूगर्भातून वाहणारा एकच प्रवाह अनेकांच्या पदरी कसा पडावा, हा प्रश्न या मुलखाला नवा नाही, हे निराळे सांगावे लागत नाही.

तोच प्रश्न पुढे टेलिफोनच्या तारेच्या रूपाने आला. 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी होऊन बिदर व गुलबर्गा म्हैसूरकडे आणि बिदरचेच उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, तेव्हा औराद-भालकीच्या मराठी घरांची सोयरीक सरहद्दीपलीकडे राहिली. आणि पलीकडच्या माणसाशी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून, तार मोकळी होईपर्यंत बाकावर बसून राहणे आले. साध्या कॉलच्या आधी जादा दराचा ‘अर्जंट’ आणि त्याच्याही आधी ‘लाइटनिंग’ लागे. आजाऱ्याची खबरदेखील पैशाच्या क्रमाने पोचावी, हा त्या व्यवस्थेतील अन्याय मला आजही सलतो.

तारेची जागा पुढे घेणारा काचेचा तंतू (ऑप्टिकल फायबर) आपल्या देशात 1979 साली पुण्याच्या टेलिफोन केंद्रांमध्ये प्रथम आला. ग्रामपंचायतींपर्यंत तो नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर केली. ‘भारतनेट’ हे तिचे नंतरचे नाव. तिच्यात वापरलेल्या पद्धतीत टेलिफोन केंद्राकडून निघालेला एकच तंतू वाटेत ‘स्प्लिटर’च्या लहानशा डबीत शिरतो, आणि विजेवाचून, केवळ काचेच्या रचनेने, त्याचा प्रकाश बहुधा 32 शाखांत विभागला जातो. खाली येणारा सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिटांचा ओघ सर्वांच्या दारी सारखाच पोचतो, ज्याने त्याने आपला तेवढा मजकूर उचलावा. वर जाणारा ओघ सव्वा गिगाबिटांचा; तेथे दोघे एकदम बोलले तर कोणाचेच उमगत नाही. म्हणून केंद्रातील यंत्र प्रत्येकाचे अंतर आधी मोजून घेते, जवळच्याला किंचित थांबवून दूरच्याशी त्याचा मेळ घालते, आणि सेकंदाला 8000 वेळा पाळ्या मुकरर करते. ज्याच्यापाशी पाठवण्याजोगे काही नाही, त्याचा वेळ गरजवंताला मिळतो. कालव्यावरच्या पाणीपाळीची इतकी चोख अंमलबजावणी मी कोठे पाहिली नाही. वाटा किती असावा, हे मात्र यंत्र ठरवीत नाही. तो आजही दरपत्रकावरच ठरतो.

कारेझीत एका ठिकाणी गाळ साचला, तर पुढच्या साऱ्यांचे पाणी अडते. तंतूचेही तसेच; म्हणून सीमाभागातील ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे, की रस्ता खोदण्यापूर्वी तंतू कोठून गेला आहे, याची चौकशी करावी; टेलिफोन केंद्र आणि स्प्लिटर यांच्या दरम्यान तो तुटला, की बत्तीसही जोडण्या एकाच क्षणी बंद पडतात.