साईन, फुली आणि सही

बँकेत आपल्याला सांगतात, “इथे साईन करा.” हा इंग्रजी शब्द मूळ लॅटिनमधल्या ‘सिग्नुम’वरून आला. त्याचा अर्थ खूण.

इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाच्या नोंदवहीत नवरा-नवरीने साईन करायचा कायदा लागू झाला. आपल्याकडे अंगठा, तशी तिकडे फुली. ज्याला लिहिता येत नसे, तो फुली काढी. १८४०च्या सुमारास तिथल्या जवळजवळ निम्म्या नवऱ्या फुली काढत. नवरदेवांत साधारण तिघांत एक. पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या आणि १९००पर्यंत फुली जवळपास दिसेनाशी झाली.

आपण साईनला ‘सही’ म्हणतो. हा शब्द मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ ‘बरोबर, खरे’. म्हणजे सही करणारी बाई सांगते, “यात लिहिलंय ते बरोबर आहे.”

म्हणून गटाच्या कर्जाचा कागद असो की शेताचा, आधी वाचा, नाहीतर कुणाकडून वाचून घ्या. रक्कम, व्याज, मुदत कळली की मगच सही. कोऱ्या कागदावर तर कधीच नको. तिथे ‘बरोबर’ म्हणावं असं काही लिहिलेलंच नसतं!