वाळीत टाकणे आणि बहिष्कार घालणे : फरक कुठे आहे?

सण जवळ आला की मोबाईलवर एक संदेश हमखास येतो. अमुक कंपनीच्या जाहिरातीने संस्कृतीचा अपमान केला, तिचा माल घेऊ नका. पाठोपाठ दुसरा संदेश येतो : दुकानदाराचे नाव बघून मगच खरेदी करा. दोन्ही संदेश बहिष्काराचीच भाषा बोलतात आणि आपल्या गटांवरची मुलेही ते न वाचता पुढे पाठवतात. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या बहिष्कार सोसला, त्याच्या तरुणांनी या शब्दाचा इतिहास, धम्मातील कसोटी आणि कायदा माहीत करून घेतला पाहिजे.

एकाच जिल्ह्यातले दोन अर्थ

लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला. १९०५ च्या वंगभंगानंतर त्यांनी पुरस्कारलेल्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाबरोबर बहिष्कार होता. तो विलायती मालावर होता.

याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. त्यांनी १९२४ साली स्थापन केलेल्या संस्थेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि महाडच्या सत्याग्रहानंतर १९२७ साली काढलेल्या पत्राचे नाव 'बहिष्कृत भारत'. टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार ही लोकांनी करायची कृती होती. बाबासाहेबांच्या लोकांची ती लादलेली अवस्था होती.

१९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावला की गाव काय करतो, हे समितीच्या १९३० च्या अहवालात नोंदले आहे : कामावरून काढणे, नेहमीची वाट बंद करणे, वाण्याने रोजच्या गरजेचे जिन्नस न देणे. गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली, तेव्हा ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्येही ही तरतूद आहे.

खालून वर जाणारा बहिष्कार

मग बहिष्कार सरसकट वाईट का? तसेही नाही. 'बॉयकॉट' हा शब्दच आयर्लंडमधल्या कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावरून आला. १८८० साली कुळांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले होते. खोतीचा जाच सोसलेल्या कोकणाला ही गोष्ट सहज कळेल. आजच्या रायगड जिल्ह्यातील चरी येथे १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या संपाला बाबासाहेबांचा पाठिंबा होता आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. अमेरिकेत माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस शहर बसमध्ये पाय ठेवला नाही.

या लढ्यांमध्ये दुबळ्यांनी आपले श्रम, आपले पैसे किंवा आपला व्यवहार बलवानाकडून काढून घेतला. गाव वाळीत टाकतो तेव्हा बलवान दुबळ्याचे जगणे काढून घेतो.

ब्रँड बाजू घेतात तेव्हा

ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने मुस्लिम सासरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखवणारी जाहिरात काढली आणि बहिष्काराची हाक उठताच मागे घेतली. पुढच्या वर्षी डाबरने दोन स्त्रियांचा करवा चौथ दाखवला. तीही जाहिरात मागे घेतली गेली.

झोमॅटोचे उदाहरण आपल्याला अधिक शिकवणारे आहे. २०१९ साली डिलिव्हरी करणारा हिंदू नाही म्हणून एका ग्राहकाने ऑर्डर रद्द केली, तेव्हा अन्नाला धर्म नसतो अशी भूमिका कंपनीने घेतली आणि तिचे कौतुक झाले. जून २०२३ मध्ये त्याच कंपनीने 'लगान' चित्रपटातील 'कचरा' हे दलित पात्र टाकाऊ प्लास्टिकपासून बनलेल्या वस्तूंच्या रूपात दाखवले. आंबेडकरी तरुणांनी आणि कलावंतांनी त्यातला जातीयवाद उघड केला, जाहिरात काढावी लागली, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगानेही नोटीस दिली. मार्च २०२४ मध्ये कंपनीने शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशातले वेगळे डिलिव्हरी कर्मचारी जाहीर केले. टीका होताच वेगळा रंग दुसऱ्याच दिवशी रद्द झाला, वेगळी व्यवस्था मात्र राहिली.

ब्रँड आपला मित्रही नसतो आणि शत्रूही नसतो, तो बाजार बघतो. म्हणून कंपनीच्या एका चांगल्या जाहिरातीवर भाळू नये आणि एका वाईट जाहिरातीवरून तिच्या कामगारांवर राग काढू नये. नेमकी चूक दाखवून नेमकी मागणी केली तर कंपनीला हलावे लागते, हे २०२३ ने दाखवले.

आता शेजारचे उदाहरण. मार्च २०२५ मध्ये सिंधुदुर्गातील कणकवलीचे आमदार आणि राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी हिंदू विक्रेत्यांच्या झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार प्रमाणपत्र' जाहीर केले. मांस कोणत्या पद्धतीचे घ्यावे ही ज्याची त्याची निवड आहे. पण विक्रेत्याचा धर्म हीच मालाची खूण ठरली, की शुद्ध हात आणि अशुद्ध हात हा जुना हिशेब परत येतो. तो हिशेब कुठे जाऊन थांबतो हे आपल्याला कोणी सांगायला नको.

धम्मातील कसोटी

अंगुत्तर निकायात उपासकाने न करण्याचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष. व्यापारी कोणत्या कुळातला, हा प्रश्न तिथे येतच नाही.

विनयात तर बहिष्काराची रीतच आहे. संघाला अपाय करणाऱ्या उपासकासाठी संघ भिक्षापात्र पालथे घालू शकतो, म्हणजे त्याचे दान स्वीकारत नाही. वड्ढ लिच्छवीने दब्ब मल्लपुत्त या भिक्खूवर खोटा आरोप केला तेव्हा हे घडले. त्याने चूक कबूल करून क्षमा मागितली आणि संघाने पात्र पुन्हा सुलटे केले. थिबा राजाच्या राजवाड्यामुळे ब्रह्मदेश रत्नागिरीकरांना परका नाही. त्याच देशात २००७ साली भिक्खूंनी लष्करी राजवटीविरुद्ध याच रीतीने पात्र पालथे घातले. हा बहिष्कार कृत्यावर असतो आणि परतीची वाट उघडी ठेवतो.

कायदा काय म्हणतो

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्काराच्या व्याख्या आल्या. या वर्गाबाहेरच्या व्यक्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर, कुटुंबावर किंवा समूहावर असा बहिष्कार घातला किंवा त्याची धमकी दिली, तर कलम ३(१)(zc) खाली सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि दंड आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींमधून आलेल्या बौद्धांनाही हे संरक्षण मिळते.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा. तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. त्याचा रोख जातपंचायत, गावकी, भावकी यांनी आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्यावर आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

इथे आपल्याला आरशात पाहावे लागते. कामानिमित्त वाड्यांवर फिरताना मी ऐकले आहे की वर्गणीचा वाद झाला किंवा लग्न मनाविरुद्ध झाले, की त्या घराला कार्यक्रमाचे बोलावणे थांबते, मयतीला माणसे जात नाहीत. हे बौद्ध वाडीतही घडते. जयंतीला बाबासाहेबांची मिरवणूक काढायची आणि शेजारचे घर वाळीत टाकायचे, हे दोन्ही एकाच हाताने करता येत नाही. हा २०१६ चा कायदा आपल्या मंडळांनाही लागू आहे.

संदेश पुढे पाठवण्यापूर्वी

१. हा बहिष्कार कोणाच्या कृतीवर आहे की कोणाच्या जन्मावर, धर्मावर?
२. फटका मालकाला बसणार की हातगाडीवाल्याला आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला?
३. मागणी नेमकी काय आणि ती मान्य झाल्यावर बहिष्कार उठणार का?
४. बातमी खरी आहे का, जाहिरात आपण स्वतः पाहिली आहे का?

पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'जन्म' असेल तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही, तो संदेश तिथेच थांबवा.

आणि कोणाला वाळीत टाकले असेल तर तारीख, ठिकाण, साक्षीदार आणि मोबाईलवरचे संदेश जपून ठेवा. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तक्रार द्यायला त्या कुटुंबाला एकटे पाठवू नका, कार्यकर्त्याने सोबत जावे.